एका रेघेचा चेहरा

दौंडच्या बाजारात मी भांड्यांवर नावं घालतो. वडील छिन्नी-हातोडीनं घालायचे, माझ्या हातात मशीन आहे. त्यामुळे क्लोद मेलां या फ्रेंच कारागिरानं १६४९ साली तांब्यावर कोरलेलं येशूचं मुख रेल्वेतल्या एका मित्रानं दाखवलं, तेव्हा भक्तिभाव नंतर. आधी मी रेघा मोजायला गेलो. रेघ एकच निघाली. नाकाच्या शेंड्यावर सुरू होते आणि गोल गोल फिरत गाल, डोळे, काट्यांचा मुकुट, ओघळलेलं रक्त, सगळं घेत बाहेर जाते. त्या काळी सावली दाखवायला रेघांवर आडव्या रेघा मारून जाळी करायची सर्रास पद्धत होती. मेलांनं फक्त हाताचा दाब बदलला. कोरणी खोल गेली की खाच रुंद होते, शाई जास्त धरते, कागदावर काळं उमटतं. हात हलका पडला की तिथं उजेड. भुवई, नाकपुडी, ओठांमधली फट, सगळी करामत एवढ्यावर.

पेच पुढे आहे. क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा व्हेरोनिका नावाच्या बाईनं कापडानं पुसला आणि तो कापडावर उमटला, अशी कथा. मेलांनं कोरलेलं मुख हेच. म्हणजे माणसाचा हात न लागता झालेली प्रतिमा. आपण स्वयंभू म्हणतो तशी. शिरूर तालुक्यातला रांजणगावचा महागणपती स्वयंभू, इकडे भीमेपलीकडचा सिद्धटेकचा सिद्धिविनायकही. आणि हात न लागलेली गोष्ट दाखवायला या गड्यानं हातातलं सगळं कसब पणाला लावलं, वर खाली नाव-साल घातलं! मला ते खटकलं. आमच्या धंद्यात नाव देणाऱ्याचं नाहीतर घेणाऱ्याचं. कोरणाऱ्याला कोण विचारतो?

पण तांब्यावर वळणाची रेघ काढायची रीत बघा. कोरणी फिरवत नाहीत. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवतात आणि पत्राच फिरवतात. हात जागच्या जागी. सिद्धटेकला याच्या उलट: मूर्ती टेकडीला लागून, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला. देव जागेवर, फिरतो आपण, आणि त्या वाटेवर मूर्ती दिसत नाही, दिसतात दगडधोंडे. मेलांलाही कोरताना चेहरा कुठला दिसतोय? पुढची बोटभर रेघ दिसत असणार. भिंगाखाली बघितलं तर त्या छाप्यात डोळा नाही, ओठ नाही. रेघ कुठं जाड, कुठं बारीक. चार पावलं मागे सरलं की तो आपल्याकडे बघतो. शेंदराखाली घडण किती आणि पाषाणाचा मूळ उंचवटा किती, हे गाभाऱ्यात कोण तपासत बसतं? दर्शन तरीही होतं. स्वयंभू म्हणजे हात लागलाच नाही असं मी आता धरत नाही. हात लागला, पण चेहरा त्या हातानं केला नाही, एवढंच.

छाप्याची आणखी एक गोम आहे. पत्र्यावरचं कागदावर उलटं येतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी आपल्यापुढे आणलेलं, व्हॅलेंटाइनच्या डच ग्रंथातलं (१७२४-२६) शिवाजी महाराजांचं चित्रही कोरीव छाप्याचंच. मूळ रेखाटनात महाराजांचा मोहरा कुठल्या बाजूला होता, हे नुसत्या छाप्यावरून सांगता यायचं नाही. मेलांचा चेहरा समोरून आहे, त्याला हे फारसं नडलं नाही. सिद्धटेकचा गणपती मात्र उजव्या सोंडेचा. तो छापायचा तर पत्र्यावर डाव्या सोंडेचा कोरावा लागणार. मग पत्र्यावरचा तो गणपती कुठला, असं आमच्या गल्लीतल्या गुरवकाकांना विचारलं.

‘‘दोघांनाही हात जोड,’’ म्हणाले. ‘‘तुझं काय जातंय?’’