आधी परत येऊन बघ

एका तालुक्याच्या गावात एक फोटोग्राफर होते. गावातली लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग, गणपतीच्या मिरवणुका, सगळं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं. म्हातारपणी त्यांनी साऱ्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या आणि जाण्याआधी मुलांना एवढंच म्हणाले, "हे फोटो आपले नाहीत, गावाचे आहेत. मागायला आलेलं माणूस रिकाम्या हाताने जाता कामा नये."

धाकटा मुलगा स्टुडिओ चालवत होता, थोरली मुलगी सांगलीला राहत होती. दोघांनी फोटोंची एकेक प्रत आपापल्या नॅसवर ठेवली. नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी. घरातला कुठलाही फोन किंवा कॉम्प्युटर तिच्यातल्या फाइली उघडू शकतो. दोन्ही पेट्यांवर ट्रूनॅस कोर होतं. २००५ साली फ्रीनॅस या नावाने सुरू झालेली, फ्रीबीएसडी या मूळ सिस्टिमवर उभी असलेली ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. फोटोंना निगेटिव्हचे नुसते नंबर होते. कुठल्या नंबरात कोण आहे हे सांगणारी सूची प्रत्येक पेटीवरच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये होती.

२०२२ मध्ये फ्रीबीएसडीऐवजी लिनक्सवर चालणारं ट्रूनॅस स्केल आलं आणि बनवणाऱ्यांचं लक्ष हळूहळू तिकडे वळलं. एके दिवशी धाकट्याने बहिणीला फोन केला.

"ताई, नवीन व्हर्जन टाकूया. अर्ध्या तासाचं काम आहे."

"टाकूया की. पण थोडा थांब. मी आधी जुन्या कॉम्प्युटरवर करून बघते."

"त्यात बघायचंय काय? बिघडलंच काही, तर जुनं परत टाकू."

त्याच रात्री त्याने स्केल टाकलं. पेटी सुरू झाली, फोटो उघडले, सगळं नवंकोरं दिसू लागलं. एका कोपऱ्यात पूल अपग्रेड करण्याची सूचना होती. पूल म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेला एकच साठा. त्याने तेही बटण दाबलं आणि समाधानाने झोपला.

दोन दिवसांनी गल्लीतल्या काकू आल्या. "यांचा फोटो हवाय रे. तेराव्याला लावायचाय. मिरवणुकीत लेझीम खेळताना तुझ्या वडिलांनी काढला होता, तोच दे."

तो सूची उघडायला गेला, तर प्रोग्राम सुरूच होईना. कोरवर तो जेल नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालायचा, आणि फ्रीबीएसडीचं जेल लिनक्सवर चालत नाही. फोटो सगळे जागेवर होते. पण हजारो नंबरांतला काकांचा नंबर कुठला, हे सांगणारं कुणी नव्हतं.

घाईघाईने त्याने कोर परत टाकलं. कोर सुरू झालं, पण पूल उघडेना. अपग्रेड करताना पुलाच्या साठवण-पद्धतीत, म्हणजे झेडएफएसमध्ये, नवी वैशिष्ट्यं आली होती आणि जुन्या सिस्टिमला ती ओळखता येत नव्हती. कोरवरून स्केलवर जाणं एकतर्फी आहे, हे बनवणाऱ्यांनी माहितीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. त्याने ते वाचलं नव्हतं.

काकू रिकाम्या हाताने गेल्या. त्याने ताईला फोन लावला. तिच्या पेटीवर अजून जुनीच सिस्टिम होती. काही मिनिटांत फोटो आला: डोक्याला फेटा, घामाने चिकटलेला सदरा, लेझीम वर उचललेली. त्याने प्रिंट काढली आणि संध्याकाळी स्वतः काकूंच्या घरी नेऊन दिली.

रविवारी तो सांगलीला गेला. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर झाकण काढून ठेवलेला, बाहेर वायरींना लटकलेल्या दोन जुन्या डिस्क. थोड्या फोटोंची आणि सूचीची नक्कल तिने त्यात भरली होती.

"ती वायर ओढ," ताई म्हणाली.

"अगं, चालू आहे ना?"

"चालू असतानाच ओढ."

त्याने ओढली. पडद्यावर इशारा आला: एक डिस्क गेली, पूल अर्ध्या बळावर आहे. तरी फोटो उघडत होते, कारण दोन्ही डिस्कवर तीच माहिती होती, जणू एक दुसरीचा आरसा. ताईने कपाटातली तिसरी डिस्क लावली आणि आरसा पुन्हा भरू लागला. मग तिने सिस्टिमची छोटी डिस्क पुसली, सिस्टिम नव्याने टाकली, जपून ठेवलेली सेटिंगची फाइल चढवली. फोल्डर, पासवर्ड, सगळं होतं तसं परत आलं. बाजूच्या वहीत दोन रकाने होते: 'काय मोडलं' आणि 'परत कशी आले'. पहिल्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सूची नव्या सिस्टिमवर चालत नाही.'

"तू मुद्दाम मोडत बसतेस?" त्याने विचारलं.

"मग काय! नवं सुरू होतं का, एवढंच तू बघितलंस. ते सुरू होतंच रे, बनवणाऱ्यांनी ते बघितलेलं असतं. पण आपला प्रोग्राम आणि आपल्या फाइली घेऊन तिथून परत येता येतं का, हे आपल्याशिवाय कोण बघणार?"

"म्हणजे नवीन घ्यायचंच नाही?"

"घ्यायचं तर! जुन्यातली भोकं बुजवायला कुणी उरलं नाही, की जुनंही धोक्याचं. फक्त वडिलांच्या फोटोंवर प्रयोग करायचा नाही, त्यांच्या नकलेवर करायचा. आणि पूल अपग्रेडचं बटण सगळ्यात शेवटी, नवीन सिस्टिम बरेच दिवस सुरळीत चालल्यावर."

दोघं कामाला लागले. आधी त्यांनी ताईच्या पेटीवरून बाहेरच्या डिस्कवर आणखी एक प्रत काढली, कारण त्या घडीला चालती सूची जगात एकाच ठिकाणी होती. मग सूची साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घेतली, म्हणजे ती उघडायला कुठल्या खास प्रोग्रामची गरज उरू नये. त्यानंतर भावाची पेटी पुसून नव्याने भरली. जुन्या कॉम्प्युटरवर सगळं जाऊन-येऊन झाल्यावरच दोन्ही पेट्यांवर स्केल चढलं. आता त्यातली कुठलीही गोष्ट बिघडली, तरी काय करायचं हे वहीत लिहिलेलं होतं, आणि धाकट्याने ते स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं होतं.

तात्पर्य : नवं जरूर आजमावावं, पण ज्याच्यावाचून अडतं त्याच्यावर नाही, त्याच्या नकलेवर. आणि परत येता येतं याची खात्री केल्याशिवाय जुनी वाट बुजवू नये.