श्यामकर्ण घोडा आणि भद्रावतीची माती

जैमिनी अश्वमेध या ग्रंथात भीम यौवनाश्व राजाशी लढून श्यामकर्ण घोडा मिळवतो, ती नगरी भद्रावती. चंद्रपूर जिल्ह्यातले भांदक म्हणजेच ती, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. जमिनीची साक्ष मात्र वेगळी आहे. भांदकजवळच्या विजासनच्या टेकडीतली लेणी बौद्ध आहेत. सरळ आत गेलेल्या लांब बोगद्याच्या टोकाला बुद्धमूर्ती बसलेली आहे. भांदकचा राष्ट्रकूट ताम्रपट 772 सालचा, पहिल्या कृष्णराजाचा. भीमाच्या लढाईची खूण दोन्हींत नाही.

यावर कोणी म्हणेल, नागपूरजवळ माहूरझरीच्या शिलावर्तुळांत माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, तांब्याच्या दागिन्यांसकट, त्याचे काय? त्यावरून लोहयुगातल्या विदर्भात घोड्याला मोठा मान होता एवढे कळते, आणि तेही थोडे नाही. पण त्या हाडांवर कुणा राजाचे नाव नाही. महाभारतातल्या हस्तिनापुराचेही तसेच: तिथल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांना चित्रित राखाडी भांडी मिळाली. त्या भांड्यांनी वस्ती सिद्ध झाली, महाभारताचे युद्ध नव्हे. पुरावा नाही म्हणून घडलेच नाही असे होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र तेवढ्यावर घडले असेही म्हणता येत नाही. श्रद्धेला उत्खननाच्या दाखल्याची गरजच नाही. भीमाला शोधण्याच्या भरात विजासनची लेणी कोणी, कोणासाठी कोरली हा प्रश्न मागे पडतो, आणि भद्रावतीचे खरे नुकसान तिथे होते.