खोट्या नावाखालचा खरा निबंध

सर्जनशील लेखन सांगून करवून घेता येते का, हा प्रश्न सामान्यतः अध्यापनशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. न घेतलेला अनुभव घेतल्यासारखा मांडायला विद्यार्थ्याला सांगणे, हे कल्पनाशक्तीचे शिक्षण की ढोंगाचे? प्रौढांच्या जगावरचा विश्वास उडालेला किशोर याचे उत्तर कोरा कागद देऊन देतो. त्याच्या नकाराला आळस म्हणणे सोयीचे असते. परंतु त्यामागे सत्याविषयीची एक कठोर अपेक्षा असू शकते. ही अपेक्षा कितपत टिकते, हे तपासण्यासाठी जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीतील एक प्रसंग उपयुक्त आहे.

सोळा वर्षांच्या होल्डन कॉलफील्डला निवासी शाळेतून काढून टाकलेले आहे. पाचांपैकी चार विषयांत तो नापास आहे. इंग्रजीत मात्र उत्तीर्ण. खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर त्याच्याकडून स्वतःसाठी एक वर्णनपर निबंध लिहून मागतो. विषय खोली, घर, काहीही चालेल. फक्त विरामचिन्हे फार अचूक नकोत, म्हणजे संशय येणार नाही. होल्डनला खोलीविषयी लिहिण्याजोगे काही सुचत नाही. तो लिहितो धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्याविषयी. १९४६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या ॲलीने त्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. मैदानात खेळ थांबलेला असताना वाचायला काही असावे म्हणून. निबंधात होल्डन भावाचे नाव तेवढे बदलतो. तो स्ट्रॅडलेटरचा भाऊ वाटला पाहिजे.

ढोंगाचा कमालीचा तिटकारा असलेला हा मुलगा आपले सर्वांत खरे लेखन एका लबाडीच्या व्यवहारात करतो, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेला वाङ्मयीन कसोटीचे स्थान दिले. या निबंधात नाव परके आहे, निमित्त परके आहे, हेतूही परका आहे. तरीही आत्मनिष्ठा अबाधित राहते. याचा अर्थ ती लेखनाच्या परिस्थितीच्या शुद्धतेवर अवलंबून नसते. समोरच्या वस्तूकडे लेखक किती एकाग्रतेने पाहतो, यावर ती अवलंबून असते. व्यवहार खोटा म्हणून त्यातील सारेच लेखन खोटे, हे तुच्छतावादी किशोराचे गृहीतक त्याच्याच हातून असे खोडले जाते.

पुढे स्ट्रॅडलेटर संतापतो, कारण निबंध सांगितलेल्या विषयाला धरून नाही. होल्डन कागद परत घेऊन फाडून टाकतो. या कृतीत अभिमान आहे, तसा शोकही. अपात्र वाचकापासून सत्य वाचवावे, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु अशा रीतीने वाचवलेले सत्य कोणापर्यंतच पोहोचत नाही. नकार सत्याचे रक्षण करतो; संक्रमण करू शकत नाही. तुच्छतावादाची नैतिक मर्यादा नेमकी येथे आहे. ती होल्डनही ओलांडतो, कारण सतरा वर्षांचा निवेदक म्हणून तोच हातमोजा तो वाचकासमोर पुन्हा ठेवतो आणि या वेळी भावाचे खरे नाव सांगतो. फाडलेला निबंध कादंबरीच्या संहितेत नव्याने लिहिला जातो.

या कादंबरीशी ज्या 'कोसला'ची (१९६३) तुलना मराठी समीक्षेत वारंवार झाली, तिथेही पांडुरंग सांगवीकरचा उपरोध बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी अपुरा पडतो. दोन्हीकडे शोक हाच उपहासाच्या भाषेला तिची सीमा दाखवतो.

मराठीच्या वर्गाला हा प्रश्न दूरचा नाही. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' हा विषय पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आणि पाठ केलेल्या मजकुरावर तो निभावतही आला. दोष त्या प्रकारात नाही; हातमोजाही शेवटी एक निर्जीव वस्तूच होती. मात्र त्या वस्तूवर कोणाचा तरी हात फिरलेला होता. असे एखादे पुस्तक विद्यार्थ्याजवळ असेल, तर त्याचे लेखन दिलेल्या मुद्द्यांच्या चौकटीत बसेलच असे नाही. अशा वेळी 'विषयांतर' असा शेरा मारण्यापूर्वी उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचणे, ही परीक्षकाची नैतिक जबाबदारी ठरते. स्ट्रॅडलेटरने विषय तपासला. निबंध वाचला नाही.