काडतुसाची चरबी आणि कानतुटका कप

आमच्या आजोळी ठासणीची एक बंदूक होती. भातात रानडुकरं शिरत, म्हणून परवान्यावर घेतलेली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा ती खुंटीवरून खाली काढत आणि ओटीवर सतरंजी पसरून बसत. गज, जुन्या धोतराच्या चिंध्या, कढत पाण्याचा तांब्या असा सरंजाम असे. काळी दारू जळली की नळीत कीट धरतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड बघता बघता गंजतं. ते कीट पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून आधी पाणी, मग नळी खडखडीत कोरडी करायची आणि शेवटी तेल.

तेल कोणतं, यावर मामा अर्धा तास बोलत. खोबरेल थंडीत थिजतं आणि घोड्याची चाल जड होते. जवसाचं तेल वाळून चिकट पापुद्रा धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल सगळ्यांत बरं. पण तेही बेतानं. नळीत तेल राहिलं तर दारू भिजते आणि बार फुसका जातो.

डुकरांमागे जाताना हाकाऱ्याला एक गडी असे. पन्नाशी उलटलेला, पण आम्ही पोरंसोरंही त्याला अरेतुरे करायचो. रात्रभर रान तुडवून आल्यावर त्याला चहा मिळे, तो गोठ्याच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. आजी वरून ओतायची. पिऊन झालं की तो स्वतःच कप विसळून जागच्या जागी ठेवायचा. बंदुकीला कोणतं तेल सोसेल याचा एवढा विचार करणाऱ्या त्या घरात, या माणसाला तो कप कसा सोसत असेल हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

शाळेत पुढे १८५७चा धडा आला, तेव्हा हा कप पुन्हा आठवला.

तो धडाही वंगणाचाच आहे. कंपनी सरकारनं बंगालच्या फौजेसाठी नवी एनफिल्ड रायफल आणली. तिच्या नळीत आटे होते. गोळी आट्यांत घट्ट बसली तर नेम लांबवर लागतो. पण अशी गोळी तोंडाकडून ठासत आत न्यायची तर वंगण हवंच, त्यातून चारदोन बार झाल्यावर नळीत कीट साचलेलं असताना तर नक्कीच. म्हणून काडतुसाच्या कागदी पुडीचं गोळीकडचं टोक चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवलेलं असे. शिपायानं पुडीचं दुसरं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट ठासायची, अशी कवायत होती. चरबी कोणत्या जनावराची, हे कंत्राटात नीट बांधून घेतलेलं नव्हतं. गाईची असेल तर हिंदू गेला, डुकराची असेल तर मुसलमान.

धोका कोणाला दिसला नव्हता असं नाही. काडतुसं हिंदुस्थानच्या हवेत टिकतात का, हे पाहण्यासाठी १८५३ साली इथे नमुने आले, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्यानं लेखी बजावलं होतं की वंगण कशाचं आहे याची आधी खात्री करून घ्या. तो कागद दप्तरात पडून राहिला. वंगण उन्हात वितळतं का, याची परीक्षा झाली. ते ज्याच्या ओठांशी जाणार, त्याला मात्र कोणी विचारलं नाही.

बोभाटा झाल्यावर, जानेवारी १८५७च्या अखेरीस, हुकूम निघाला की काडतुसं कोरडी द्या आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. पण तोवर विश्वास गेला होता. संशय चरबीवरून कागदावर सरकला. हा कागद चकाकतो, म्हणजे यातही काहीतरी आहे. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठले. २४ एप्रिलला मीरतमध्ये घोडदळाच्या ९० जणांपुढे काडतुसं ठेवली गेली. ती जुन्याच पद्धतीची होती, तरी ८५ जणांनी हात लावला नाही. ९ मे रोजी भर कवायतीच्या मैदानावर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटलं.

एवढं आपण शिकतो आणि शिकवतो. पण या कथेचा पहिला प्रसंग घाईत उरकतो. कलकत्त्याजवळच्या डमडमला, त्याच जानेवारीत, दारूखान्यातल्या एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशानं एका ब्राह्मण शिपायाच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं नकार दिला; लोटा बाटेल. त्यावर खलाशी म्हणाला, की तुझं सोवळं आता फार दिवसांचं नाही, गाईडुकरांची चरबी लावलेली काडतुसं तुला दातांनी तोडायची आहेत. बातमी फुटली ती इथून. लोकांनी पुढे त्या खलाशाला मातादीन म्हटलं.

शिपायाच्या भीतीची मी थट्टा करत नाही. ती अगदी खरी होती. जात गेलेल्या माणसाशी गावात कोणी जेवणार नव्हतं, त्याच्या घरात कोणी मुलगी देणार नव्हतं, विहिरीवर त्याची घागर बाजूला सारली जाणार होती. पण जरा थांबून पाहा, हे सगळं त्याचं करणार कोण होतं? कंपनी नव्हे. त्याचेच भाऊबंद. काडतुसाची चरबी फार तर जीभ खराब करती. आयुष्य उद्ध्वस्त करण्याची ताकद तिच्यात आपल्या जातिव्यवस्थेनं भरली होती. आणि शिपायाला ज्या अवस्थेच्या नुसत्या कल्पनेनं घाम फुटला, त्या अवस्थेत तो खलाशी जन्मल्या दिवसापासून जगत होता. एकाच अंगणात दोन अपमान झाले. काडतुसाचा अपमान इतिहासात गेला. लोट्याचा अपमान त्या इतिहासाची तळटीप होऊन राहिला.

कोणी म्हणेल, यानं इंग्रजांचा अपराध झाकला जातो. मुळीच नाही. ज्याला सोसायचं त्याला न विचारता ठरवणं, हा कंपनीचा अपराध होता आणि तो तसाच नोंदला पाहिजे. पण तोच अपराध आपण आपल्या ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, हेही नोंदलं पाहिजे. एकाची फिर्याद लावायची आणि दुसऱ्याची दाबायची, हा न्याय होत नाही.

महाराष्ट्रातल्या सुधारकांनी नेमकं पाणीच हाती घेतलं, ते उगाच नव्हे. डमडमच्या त्या लोट्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. ओंजळभर पाण्यासाठी सत्तर वर्षं लागली, आणि त्यानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करणारेही निघाले.

आता तसं काही राहिलं नाही, असं आपण म्हणतो. मग घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप ओट्याच्या कोणत्या कोपऱ्यात असतो? सोसायटीच्या लिफ्टवर ‘कामगारांसाठी’ अशी पाटी कोणाच्या सोयीसाठी लावलेली असते? दुपारच्या उन्हात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी देताना आपण घरातलं भांडं पुढे करतो की जुनी प्लास्टिकची बाटली शोधतो? जात आता कोणी तोंडानं विचारत नाही. भांडी मात्र ती बरोबर ओळखतात.

येत्या खंडेनवमीला आपण शस्त्रं, अवजारं, यंत्रं, गाड्या पुसू, त्यांना तेल देऊ, झेंडू वाहू. अवश्य करावं; लोखंडाची निगा राखणं हा चांगला संस्कार आहे. पण त्या दिवशी घरातल्या कोनाड्यात, ओट्याच्या कडेला, गॅलरीत एक वेगळा कप आहे का, तेही बघा. सापडला तर फेकून द्या. आणि मावशी आल्या की त्यांना खुर्ची द्या, आपल्या रोजच्या कपात चहा ओता आणि त्यांच्यासमोर बसून प्या.