कर्ज कुणाच्या डोक्यावर?

बालाघाटात आमच्याकडे सकाळी हिंदी पेपर येतो. दुपारी गोंदियाची बहीण फोनवर मराठी बातम्या सांगते. 2023 साली इकडे 'लाडली बहना'चे दरमहा हजार रुपये सुरू झाले, 2024 मध्ये तिकडे 'लाडकी बहीण'चे दीड हजार. तेव्हापासून दोघींच्या पेपरात तीच ओरड: माणशी डोक्यावर एवढं कर्ज!

एकदा ते वाचून मी भांडी घासणाऱ्या बाईला बोलून गेले, "तुमच्या पैशांपायी राज्य बुडेल बघा." ती शांतपणे म्हणाली, "भाभी, मी तर पोराची फी भरली." मी ओशाळले.

डोकी मोजून कर्ज वाटतात. त्याच कर्जातून झालेले रस्ते, धरणं मात्र कुणी डोकी मोजून वाटत नाही. आणि सरकारला उसनं देतं कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. म्हणजे आपल्याच ठेवी, आपलेच हप्ते. आपण ऋणको, तसे धनकोही. बातमी एकच बाजू दाखवते. रोज तीच वाचली की ती आपलं मत होते, आणि मत द्यायलाही तीच आपल्यासोबत जाते.

व्याज खोटं नाही, ते भरावंच लागतं. सरकारला हिशेब विचारायलाच हवा. पण मैत्रिणींनो, अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो, तो पेपर वाचतानाही पाळू या. आमच्या दुकानाचं कर्ज ते 'भांडवल' आणि तिचे हजार ती 'रेवडी', हे माप माझ्या हातात कुणी दिलं?