काळे तेल

माणसाची स्वच्छता पाहायची असेल, तर त्याचे घर पाहू नये. त्याच्या घरातला मळ कुठे जातो ते पाहावे. हे शहाणपण मला कोणत्या ग्रंथात सापडले नाही. देवळ्यातल्या माझ्या घरामागच्या अंगणात, मोटारसायकलीशेजारी आडवे पडलो असताना ते मला सापडले. आणि तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

मोटारसायकल चालवू लागून मला वीसहून अधिक वर्षे झाली. सटाणा, कळवण, चांदवड असे कुठे कुठे तिने मला नेले आणि सुखरूप परत आणले. पण तिच्या पोटात काय चालते, याची मी कधी विचारपूस केली नाही. तेल बदलायचे झाले की गाडी गॅरेजवर लावायची, समोर चहा घ्यायचा, पैसे द्यायचे आणि निघायचे. यंदा गॅरेजवर गाड्यांची रांग होती. कारागीर म्हणाला, "सर, दिवाळीच्या आत जमणार नाही." मला तर भाऊबीजेला बहिणीकडे मालेगावला जायचे होते. मनात आले, मुलांना दर वर्षी स्वावलंबनावर निबंध लिहायला लावणाऱ्या मास्तराने एकदा स्वतःच्या गाडीचे तेल स्वतः बदलून पाहायला काय हरकत आहे?

गाडी थोडी फिरवून आणली. कोमट झाले की तेल पातळ होते आणि नीट निथळते. खाली जुने घमेले ठेवले, वरूनच वाकून हात घातला आणि सतरा नंबरचा पाना लावून जोर केला. बोल्ट हलेना. पाना सटकला आणि बोटाचे सालटे निघाले. बऱ्याच वेळाने उमगले, की मी बोल्ट सोडवीत नव्हतो, आणखी आवळीत होतो! वरून पाहणाऱ्याला उजवे-डावे उलटे होते. मग लाज सोडून जमिनीवर आडवा झालो, आणि खालून पाहताच बोल्ट मुकाट्याने सुटला.

काळ्याभोर तेलाची धार घमेल्यात पडू लागली. पाहून मला शिसारी आली. "इतके घाण तेल होते हे!" मी म्हणालो. पण ते तसे नव्हते. नव्या तेलात अशी द्रव्ये घातलेली असतात, की ती जळण्यातून होणारी काजळी आणि बारीक कचरा कुठे साचू देत नाहीत. तेलातच धरून ठेवतात. तेल काळे होते ते बहुधा आपले काम केल्यामुळे. पुढे उष्णतेने त्याचा कस जातो, आणि मग ते बदलावे लागते. यंत्र आतून स्वच्छ राहावे म्हणून त्याचा मळ तेलाने आपल्या अंगावर घेतलेला असतो.

बोल्ट पुसून, नवा वायसर घालून आधी बोटांनी फिरवला, मग पान्याने बेताने आवळला. मधाच्या रंगाचे नवे तेल ओतले. गाडी सुरू केली, बंद केली, थोडे थांबून पट्टी काढून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये होते. माझी छाती फुगली. एवढ्यात आई दारात आली आणि घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता हे कुठं टाकणार?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वीस वर्षे ते तेल कुठे जात होते, हे मी कधी विचारलेच नव्हते! दिवेलागण झाली होती, गल्लीत कोणी नव्हते. मी घमेले उचलले आणि गटारीवर कलते केले. लपवून काय उपयोग? वाटीभर तेल मी ओतले. पाण्यावर लगेच तवंग पसरला. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात त्याचे सात रंग चमकले आणि पाहता पाहता तो पुढे, पुलाखाली निघून गेला. आमची गटार ओढ्याला मिळते. ओढ्याच्या काठाने कांद्याचे मळे आहेत, आणि मळ्यांत विहिरी आहेत. माझा हात थांबला. पण वाटीभर तेल काही परत येणार नव्हते.

त्याच क्षणी मला गांधीजयंतीचा दिवस आठवला. मुलांची फेरी घेऊन मी त्याच गॅरेजवर थांबलो होतो आणि दुकानापुढची काळी जमीन दाखवून त्या कारागिराला चार लोकांत स्वच्छतेचे दोन शब्द सुनावले होते. त्या काळेपणात माझ्याही गाडीचे चार थेंब असतील, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नव्हते. माझी पांढरी टोपी आणि त्याचे काळे हात या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकीची किंमत दुसरी भरीत होती.

आपल्या समाजाने हा व्यवहार फार जुन्या काळापासून केला आहे. मळ करायचा सर्वांनी, वाहायचा काहींनी, आणि पुन्हा मळके म्हणून दूर लोटायचे तेही त्यांनाच! अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपवास आरंभला, तो चांगले अन्न मिळावे म्हणून नव्हे. भंगीकाम करू द्यावे म्हणून. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. तेलाचे घमेले आणि डोक्यावरची मैल्याची पाटी यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. एक माझी हौस होती, दुसरी लादलेली. पण आपला मळ आपल्या नजरेआड झाला म्हणजे तो नाहीसा झाला, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेले तेल डब्यात भरून मी गॅरेजवर नेले. कोपऱ्यात एक पिंप होते. "यात ओता, सर. हे गोळा करून नेणारे येतात," कारागीर म्हणाला. वापरलेले तेल शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण करता येते. ते गोळा होऊन नीट मार्गी लागावे याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून आपल्या सरकारच्या नियमांनी तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. पण कंपनीपर्यंतची पहिली पायरी हे पिंप, आणि पिंपापर्यंतची पायरी आपला हात. मी चाचरत म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला उगाच बोललो." तो हसला. माझ्या बोटांकडे पाहून म्हणाला, "आधी केरोसीन लावा सर, मग साबण. नुसत्या साबणानं जात नाही ते."

तरीही सगळे गेले नाही. नरकचतुर्दशीला आईने तेल लावले, उटणे लावले. नखांच्या कडेची काळी रेघ तशीच राहिली. भाऊबीजेला ओवाळताना बहिणीच्या नजरेला ती पडली. "दादा, हात धुतले नाहीस का रे?" तिने विचारले.

"धुतले," मी म्हणालो. "या वेळी माझे मीच धुतले, म्हणून दिसतेय."