ग्रंथालय म्हणावे कोणाला?

तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत चार जणांनी पुस्तकांचे कपाट उभे केले आणि मागेल त्याला पुस्तक दिले, तर गावासाठी ते ग्रंथालयच. शासनाची मान्यता मात्र एवढ्यावर मिळत नाही. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागते, कार्यकारी मंडळ लागते; ठरलेल्या संख्येने सभासद, ग्रंथ, वृत्तपत्रे लागतात आणि हिशेबही तपासून घ्यावे लागतात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली 1970 मध्ये नियम झाले. त्यानुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरते.

पैसा जनतेचा असल्याने अटी हव्यातच. 2012 मध्ये राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा कागदोपत्री चालणारी ग्रंथालये उघडी पडली. पण त्यानंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले. दोष काहींचा आणि दार बंद झाले सगळ्यांना, हे न्यायाचे नव्हे.

भोर-वेल्ह्यात सभासदसंख्येची अट जास्त बोचते. भाटघरच्या जलाशयाकाठी, राजगडाच्या कुशीत विखुरलेल्या वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीने वर्गणीदार सभासद आणायचे कुठून? निम्मी तरुण मंडळी तर पुण्या-मुंबईला. मांढरदेवाच्या डोंगरापलीकडे, महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारमध्ये 2017 साली शासनानेच घराघरांत पुस्तके ठेवून ‘पुस्तकांचे गाव’ उभे केले. तिथे बसून वाचायला सभासद व्हावे लागत नाही. म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेरही वाचन रुजते, हे शासनाला मान्य आहे.

माझ्या मते ग्रंथालयाची खरी परीक्षा देवघेव नोंदवहीत होते. पुस्तकाचा दाखल क्रमांक, वाचकाचे नाव, नेल्याची आणि परत आल्याची तारीख, सही. हे रकाने भरलेल्या ओळी सांगतात की पुस्तक हलते आहे. कपाटात हजार पुस्तके असून ही वही कोरी असेल, तर तो नुसता साठा. दीडशेच पुस्तके असून ती घरोघर फिरत असतील, तर त्या वाडीला ग्रंथालय आहे.

म्हणून डोंगरी वाड्यांसाठी संख्येची अट लोकवस्ती पाहून ठरवावी आणि मान्यता देताना देवघेवीला पहिले वजन द्यावे. आपणही गावच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे, पुस्तक न्यावे, वाचून परत करावे. वाचकच नसतील, तर कोणताही कायदा ग्रंथालय जगवू शकत नाही.